प्रयोगशाळेतला प्रोब कंपनीपर्यंत न्यायचा तर आधी काय करावं? (बडोदा, ट्रान्सफॉर्मर तेल)

दांडियाबाजार

प्रकरण असं आहे. विद्यापीठाच्या इलेक्ट्रिकल विभागात एका पीएचडीतून ट्रान्सफॉर्मरच्या तेलातला ओलावा चालू लाइनवर मोजणारा प्रोब तयार झालाय. ओलाव्याचा सेन्सर बाजारातलाच आहे. नवीन काय, तर तेल जुनं होत गेलं तरी आकडा घसरू नये म्हणून केलेली दुरुस्तीची पद्धत. फर्मवेअर (प्रोबच्या आत चालणारा प्रोग्रॅम) एम.ई.च्या दोघांनी लिहिलं. उपकरणं सरकारी प्रकल्पाच्या पैशातून आली. प्रबंध दोन महिन्यांत जमा होईल. टेबलावर सगळं झकास चालतं.

गाईड, पीएचडीवाली आणि एम.ई.पैकी एकजण मिळून कंपनी काढायच्या विचारात आहेत. सीए म्हणतो, आठवड्यात प्रायव्हेट लिमिटेड करून देतो. काढावी का? इन्क्युबेटरकडे (नव्या कंपन्यांना जागा, सोयी आणि निधी मिळवायला मदत करणारी संस्था) कधी जायचं? जाणकारांनी क्रम सांगा. नुसत्या शुभेच्छा नकोत.

रावपुरा_टॉवर

सीएला थांबवा. आणि त्याच्याही आधी प्रबंधाला थांबवा.

प्रबंध ग्रंथालयात ठेवला आणि शोधगंगेवर (प्रबंधांचं ऑनलाइन भांडार) चढला की तो प्रसिद्ध झाला. मग पेटंटच्या परीक्षकाला तुमचाच प्रबंध तुमच्याविरुद्ध दाखवता येतो. आपल्या कायद्यात कलम ३१ खाली १२ महिन्यांची सवलत आहे, पण ती फार अरुंद आहे: सरकारने अधिसूचित केलेलं प्रदर्शन, किंवा विद्वत्सभेपुढे वाचलेला निबंध आणि तिच्या कार्यवृत्तात आलेला मजकूर. प्रबंध आणि बाहेरच्या जर्नलमधला लेख यात बसवायला जाऊ नका. युरोपात तर एवढीही सूट नाही. पोस्टर, यूट्यूबवरचं प्रात्यक्षिक, हॅकेथॉनमधलं सादरीकरण, सगळ्याला हाच नियम.

म्हणून पहिलं पाऊल पेटंटचा प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता, अर्ज. गुजरात मुंबई पेटंट कार्यालयाखाली येतं, अर्ज ऑनलाइन जातो. शैक्षणिक संस्था, स्टार्टअप किंवा व्यक्ती असेल तर ३० पानं आणि १० दाव्यांपर्यंत (दावा म्हणजे नेमका कशावर हक्क मागताय ते वाक्य) फी १,६०० रुपये, मोठ्या कंपनीला ८,०००. प्रोव्हिजनलनंतर १२ महिन्यांच्या आत संपूर्ण तपशील द्यायचा. परीक्षणाची विनंती वेगळी, तिचे सवलतीत ४,००० रुपये. ही विनंती २०२४ च्या दुरुस्तीनंतर ३१ महिन्यांत करावी लागते. जुन्या पुस्तिकांत ४८ महिने छापलेले आहेत, त्यावर विसंबून बसलात तर अर्ज मेला.

लोक माती कुठे खातात? प्रोव्हिजनल म्हणजे 'नंतर भरू' असं समजून चार पानं टाकतात. त्या चार पानांत दुरुस्तीचं समीकरण, तापमानाची मर्यादा, तेलाची आम्लता कशी हिशेबात घेतली हे नसेल, तर त्या भागाला पहिली तारीख मिळत नाही. प्रबंधाची तीन प्रकरणं जशीच्या तशी जोडा, चालतं. भाषा सुंदर लागत नाही, मजकूर भरगच्च लागतो.

दुसरं, तुमची नवी गोष्ट 'पद्धत' आहे. कलम ३(के) गणिती पद्धत आणि निव्वळ संगणक प्रोग्रॅम दोन्ही बाहेर ठेवतं. त्यामुळे दावा नुसत्या समीकरणावर लिहू नका. प्रोब, तापमान सेन्सर, त्यांची तेलातली जागा, प्रोसेसर आणि त्यातून मोजणीत नेमका किती फरक पडला, असं यंत्रासकट लिहा. मोजून दाखवलेली सुधारणा तपशिलात हवीच.

परदेशी अर्जाचा विचार असेल तर आधी इथे अर्ज करून सहा आठवडे थांबा, नाहीतर कलम ३९ ची परवानगी घ्या. आणि शोधक म्हणून विभागप्रमुखांचं नाव आदरापोटी घालू नका. दाव्यातल्या कल्पनेत ज्याची भर, तोच शोधक. आदर आभारप्रदर्शनात दाखवता येतो.

खंडेरावमार्केट

रावपुरांनी अर्ज सांगितला, पण अर्जदार कोण? खरी गाठ इथेच बसलेली असते.

अमेरिकेत १९८० पासून बे-डोल कायद्याने ठरवलेलं आहे की सरकारी पैशातल्या संशोधनाची मालकी विद्यापीठ घेऊ शकतं. आपल्याकडे तसं विधेयक २००८ मध्ये राज्यसभेत आलं, पडून राहिलं आणि २०१४ मध्ये मागे घेतलं गेलं. म्हणजे आपल्याकडे उत्तर तीन कागदांत शोधायचं: प्रकल्पाचं मंजुरीपत्र, विद्यापीठाचं बौद्धिक संपदा धोरण, आणि नेमणुकीच्या किंवा प्रवेशाच्या अटी. मंजुरीपत्राच्या शेवटच्या पानांवर बारीक अक्षरात अटी असतात, त्या कोणी वाचत नाही. उद्योगाने पैसे दिलेला प्रकल्प असेल तर मालकी चक्क त्या उद्योगाकडे असू शकते.

शिक्षण मंत्रालयाचं २०१९ चं नवोपक्रम व स्टार्टअप धोरण मार्गदर्शक म्हणून धरा. संस्थेच्या सोयी आणि पैसा वापरून झालेली संपदा संस्था आणि शोधक यांच्यात संयुक्त. शोधकाच्याच कंपनीला परवाना द्यायचा तर रॉयल्टी विक्रीकिंमतीच्या ४ टक्क्यांपेक्षा जास्त नको, शक्यतो १ ते २. जागा, सुविधा, नाव यांच्या बदल्यात संस्थेने २ ते ९.५ टक्के हिस्सा घ्यावा, त्यावर नाही. वाद झाला तर किमान पाच जणांची समिती: दोन प्राध्यापक, दोन माजी विद्यार्थी किंवा उद्योगातले, एक वकील. तुमच्या विद्यापीठाने हे स्वीकारताना काय बदललं ते मात्र कार्यालयातून लेखी घ्या. 'सर म्हणाले होईल' हा दस्तऐवज नाही.

गाईडबद्दल: त्याच धोरणात म्हटलंय की सल्लागार म्हणून कामाच्या वेळेच्या २० टक्क्यांपर्यंत चालेल, पण कार्यकारी पद तीन महिन्यांपेक्षा जास्त धरलं तर रजा घ्यावी लागेल. म्हणून सरांना पहिल्या दिवशी मॅनेजिंग डायरेक्टर करू नका. नंतर उतरवताना सगळेच अवघडतात.

आता फर्मवेअर. एम.ई.चे विद्यार्थी नोकर नाहीत, त्यामुळे कोडचा कॉपीराइट आपोआप विद्यापीठाचा किंवा कंपनीचा होत नाही. दोघांकडून लेखी हस्तांतरण घ्या, जो कंपनीत येणार नाही त्याच्याकडून तर आधी. आणि कॉपीराइट कायद्याचं कलम १९ पाहा: हस्तांतरणात मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत, आणि वर्षभरात हक्क वापरला नाही तर तो परत जातो. तेव्हा 'संपूर्ण मुदतीसाठी, जगभर, न वापरल्यासही रद्द नाही' ही तीन वाक्यं असायलाच हवीत. मुलगा उद्या बेंगळुरूला नोकरीला लागला की सही मिळवणं कर्मकठीण.

सुरसागरकाठ

एक पुरवणी. विद्यार्थी परवान्यावरचं मॅटलॅब किंवा कॅड वापरून विक्रीच्या मालाचं ड्रॉइंग करू नका, शैक्षणिक परवान्यात धंद्याला मनाई असते. आणि कोडमध्ये कुठली उघडी (ओपन सोर्स) लायब्ररी आलीय त्याची यादी आजच करा. जीपीएलची (आपलाही कोड उघडा करायला लावू शकणारा परवाना) एक फाइल सापडली की गुंतवणूकदाराचा वकील भुवया चढवतो.

दांडियाबाजार

कागदांचं कळलं. तंत्राचं काय? टेबलावर कार्ल फिशरशी (तेलातलं पाणी मोजायची रासायनिक चाचणी) आकडा जुळतोय. आता थेट सबस्टेशनवर लावून बघायचं का?

पोर_रमणगामडी

एकच नग जुळतोय ना? मग अजून काहीच सिद्ध झालेलं नाही. हातावर घेऊन सांगतो.

ओलाव्याचा कपॅसिटिव्ह सेन्सर पीपीएम (तेलाच्या दहा लाख भागांत पाण्याचे किती भाग) मोजत नाही, तेल किती टक्के संपृक्त आहे ते मोजतो. पीपीएम आपण तापमानावरून काढतो. नव्या खनिज तेलाला प्रचलित सूत्र आहे: तेलात मावणारं पाणी म्हणजे दहाचा घात (७.०९ वजा १५६७ भागिले केल्व्हिन तापमान). २० अंशांवर हे साधारण ५५ पीपीएम येतं, ६० अंशांवर २४० च्या आसपास. म्हणजे तेच २० पीपीएम पाणी थंड तेलात ३६ टक्के दाखवेल आणि गरम तेलात ८ टक्के. तापमान मोजणारा बिंदू सेन्सरपासून लांब, भिंतीलगत असेल, तर तिथल्या दोन-तीन अंशांच्या फरकाने पीपीएम हलतो आणि दोष ओलाव्याच्या सेन्सरवर जातो. तापमानाचा घटक त्याच टोकावर, तेलात बुडालेला पाहिजे.

तेल जुनं झालं की आम्लं वाढतात, पाणी जास्त मावतं, आणि नव्या तेलाचं सूत्र पीपीएम कमी दाखवतं. तुमची पद्धत इथेच काम करते, म्हणून चाचणी नव्या तेलात करून उपयोग नाही. निदान चार वयांचं तेल घ्या, वेगवेगळ्या आम्लतेचं, प्रत्येक तेल तीन तापमानांवर, आणि दर वेळी कार्ल फिशर. नमुना काचेच्या सिरिंजमध्ये, बुडबुडा न ठेवता. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये उघड्या बाटलीत नमुना घेतलात तर बडोद्याची हवा मोजून याल. पडद्यावर टक्के संपृक्तता आणि पीपीएम दोन्ही दाखवा. अनुभवी मेंटेनन्सवाला टक्क्यांवर जास्त विश्वास ठेवतो.

आता दहा नग करा. पाच नाही, दहा. एकाच तेलात दहाही बुडवा आणि आपापसात किती पसरतात ते लिहा. प्रयोगशाळेतला नग पीएचडीवालीने स्वतः हाताने कॅलिब्रेट केलेला असतो. प्रत्येक नगाला तिचे दोन दिवस लागणार असतील तर ते उत्पादन नाही, हस्तकला आहे. दोन बिंदूंचं कॅलिब्रेशन अर्ध्या तासात उरकेल अशी जिग (नग पकडून ठेवणारी मांडणी) आधी बांधा. माझ्या मते पहिल्या निधीतला पहिला खर्च हाच.

बसवण्याची जागा: खालच्या ड्रेन व्हॉल्व्हवर सगळ्यांना सोपं वाटतं, पण तिथे तेल जवळजवळ उभं असतं. गाळ बसतो आणि आकडा मुख्य टाकीच्या तासन्‌तास मागे राहतो. तेल फिरतं अशा ठिकाणी, रेडिएटरच्या पाइपाजवळच्या व्हॉल्व्हवर जागा शोधा. प्रोब बॉल व्हॉल्व्हमधून आत सरकवता येणारा हवा, म्हणजे चालू ट्रान्सफॉर्मर बंद न करता काढता येतो. घालताना हवा आधी बाहेर काढायचा स्क्रू असायलाच हवा. चालू ट्रान्सफॉर्मरमध्ये बुडबुडा गेला तर त्यांचा इंजिनिअर तुम्हाला पुन्हा फाटकातून आत सोडणार नाही, आणि बरोबरच आहे त्याचं.

डबा: डाय-कास्ट अ‍ॅल्युमिनियम, आयपी ६५ (धूळ आणि पाण्याचा फवारा आत न येऊ देणारा दर्जा) किंवा वर. केबल ग्लँड खालच्या बाजूला. वर ठेवलात तर पहिल्याच पावसात पाणी आत. दिवसा तापून रात्री गार होणारा बंद डबा श्वास घेतो, ओल आत ओढतो आणि पीसीबीवर हिरवं चढतं. म्हणून श्वासपडदा लावा आणि बोर्डावर कोटिंग द्या.

वीजपुरवठा सबस्टेशनच्या बॅटरीवरून, ११० किंवा २२० व्होल्ट डीसी. चार्जर बूस्टवर गेला की तो वाढतो, तेव्हा रुंद पल्ल्याचा, आयसोलेटेड सप्लाय. संदेशासाठी तारेवरचं आयसोलेटेड आरएस-४८५ आणि मॉडबस. वायफाय विसरा. आयसोलेटर (सबस्टेशनमधला लाइन तोडायचा स्विच) उघडताना जे झटके येतात त्यात टेबलावरचा मायक्रोकंट्रोलर रीसेट होतो किंवा अडकून शेवटचाच आकडा तासन्‌तास दाखवत राहतो. हे दुसरं जास्त घातक. हार्डवेअर वॉचडॉग (अडकलेला मायक्रोकंट्रोलर आपोआप पुन्हा सुरू करणारी सोय) घाला आणि प्रत्येक आकड्याबरोबर वाढता क्रमांक पाठवा, म्हणजे अडकलेला आकडा ओळखू येतो.

चाचण्या आपल्या गावातच होतात. मकरपुऱ्यात एर्डा ही विजेच्या उपकरणांची चाचणी करणारी संस्था आहे, १९७४ पासून. आयईसी ६१०००-४ मालिकेतल्या स्थिरविद्युत, बर्स्ट आणि सर्ज या तीन आधी करा, मग दमट उष्णतेची. औपचारिक प्रमाणपत्राच्या आधी एक दिवस 'नुसतं बघू' म्हणून बोर्ड नेऊन फोडून या. प्रमाणपत्राच्या चाचणीत नापास होऊन पुन्हा रांग लावण्यापेक्षा हे स्वस्त पडतं.

दांडियाबाजार

पोरवाले काका, दंडवत. मग एवढं सगळं कंपनी न काढता कसं करायचं? पैसे कुठून?

सयाजीगंज_हिशेब

हा भाग माझा. कंपनी नोंदवली की घड्याळं सुरू होतात, ते सीए आठवड्यात करून देताना सांगत नाही.

स्टार्टअप इंडिया सीड फंडाची (केंद्र सरकारची सुरुवातीच्या भांडवलाची योजना) अट होती: अर्जाच्या वेळी कंपनी दोन वर्षांपेक्षा जुनी नको. त्यात प्रोटोटाइप आणि चाचण्यांसाठी २० लाखांपर्यंत अनुदान, बाजारात उतरायला ५० लाखांपर्यंत परिवर्तनीय रोखे किंवा कर्ज. भारतीय प्रवर्तकांचा हिस्सा ५१ टक्के हवा, आणि इतर सरकारी योजनांतून १० लाखांहून जास्त मदत घेतलेली नको. स्पर्धेचं बक्षीस आणि प्रयोगशाळेची सोय यात धरत नाहीत. या पैशातून इमारत-सुविधा उभी करायला मनाई. पैसे इन्क्युबेटरमार्फत, टप्प्याटप्प्याने. अर्जाआधी पोर्टलवर चालू अटी पाहाच. प्रबंधाच्या गडबडीत कंपनी काढून दीड वर्ष नुसती ठेवली, तर उरतात सहा महिने. पोरवाल्यांची दहा नगांची परीक्षा त्यात कशी होणार?

शिवाय नोंदणीनंतर १८० दिवसांत आयएनसी-२०ए हे धंदा सुरू झाल्याचं पत्रक. चुकलं तर कंपनीला ५० हजार दंड आणि संचालकांना दिवसाला हजार वेगळा. वार्षिक पत्रकं उशिरा गेली तर प्रत्येकी दिवसाला १०० रुपये. धंदा शून्य असला तरी पत्रकं चुकत नाहीत.

म्हणून कंपनीआधीचे पैसे आधी वापरा. गुजरातचं विद्यार्थी स्टार्टअप धोरण, एसएसआयपी, २०१७ पासून आहे. त्यात संस्थेमार्फत संकल्पना सिद्ध करायला प्रकल्पामागे अडीच लाखांपर्यंत मिळू शकतात. विज्ञान-तंत्रज्ञान विभागाच्या निधी-प्रयासमध्ये कल्पनेपासून प्रोटोटाइपपर्यंत १० लाखांपर्यंत, आणि ते व्यक्तीलाही मिळतं. दहा नग, जिग आणि एर्डाची पहिली फेरी एवढ्यात बसवायचा प्रयत्न करा. 

क्रम माझा असा: प्रोव्हिजनल, हस्तांतरणं, दहा नग, एका ग्राहकाचं लेखी चाचणीपत्र, मग कंपनी, त्याच महिन्यात डीपीआयआयटी मान्यता (केंद्र सरकारकडून स्टार्टअप म्हणून मान्यता), मग सीड फंड.

मकरपुरा_शेड

सगळे धरूनच चाललेत की स्टार्टअपच काढायचंय. का म्हणून? सावली, वाघोडिया, मकरपुरा, जिकडे बघाल तिकडे ट्रान्सफॉर्मरचे आणि सुट्या भागांचे कारखाने. त्यांच्याकडे शेड आहे, वेंडर नोंदणी आहे, वसुली करणारा माणूस आहे. एक प्रोब म्हणजे कंपनी नव्हे, तो कॅटलॉगमधला एक नग. परवाना द्या, रॉयल्टी घ्या, प्राध्यापकी करा.

खंडेरावमार्केट

मकरपुरांचा मुद्दा उडवण्यासारखा नाही. नुसता प्रोब विकायचा असेल तर परवानाच बरा. पण शंभर ट्रान्सफॉर्मरांचे आकडे गोळा करून कुठलं तेल कधी गाळायचं हे सांगणारी सेवा विकायची असेल तर ती कारखानदाराला जमत नाही, तिथे कंपनीला अर्थ आहे. ते आधी ठरवा.

बाय द वे, बडोद्याला हे नवीन नाही. कलाभवन हे तंत्रशिक्षणाचं विद्यालय १८९० चं. तिथल्या प्रा. गज्जरांच्या तालमीतले कोटीभास्कर आणि भाईलाल अमीन, आणि त्यांची १९०७ ची अ‍ॅलेम्बिक, औषधांची कंपनी. इन्क्युबेटर हा शब्दही नव्हता तेव्हा!

परवाना कारखान्याला द्या की स्वतःच्या कंपनीला, कलमं सारखीच लागतात. लेखी हवा, कलम ६८ प्रमाणे, आणि पेटंट कार्यालयात नोंदवलेला. अनन्य (एकट्यालाच दिलेला) असेल तर क्षेत्र नेमकं लिहा ('विद्युतरोधक तेलातला ओलावा' म्हणजे मशीनच्या ल्युब्रिकंट तेलाचा हक्क विद्यापीठाकडे राहतो). नूतनीकरणाची फी कोण भरणार, पोटपरवाना देता येईल का, पुढच्या सुधारणांची मालकी कोणाची, हेही लिहा. पेटंट मिळाल्यावर ते वापरात आहे की नाही याचं फॉर्म २७ आता तीन आर्थिक वर्षांतून एकदा द्यावं लागतं. त्यासाठी विक्रीची माहिती परवानेधारकाने वेळेत द्यावी हे कलम विद्यापीठं हमखास विसरतात. आणि ठरावीक काळात विक्री झाली नाही तर हक्क परत. ते नसेल तर कारखानदार पेटंट कपाटात ठेवून आपला जुना माल विकत राहील, आणि तुम्हाला काही करता येणार नाही.

सुरसागरकाठ

इन्क्युबेटर निवडताना रंगीत भिंती आणि बीनबॅग बघू नका. तीन प्रश्न विचारा. मागच्या दोन वर्षांत सीड फंडाचा दुसरा हप्ता किती कंपन्यांना सुटला? (पहिला हप्ता फोटोसाठी सुटतो, दुसरा कामासाठी.) हार्डवेअरची कंपनी बाहेर पडून स्वतःच्या पायावर उभी आहे अशी एक दाखवा. आणि हिस्सा कोण घेणार, विद्यापीठ की इन्क्युबेटरची वेगळी कलम ८ (ना-नफा) कंपनी?

तिसरा प्रश्न महत्त्वाचा. विद्यापीठाने संपदेबद्दल हिस्सा घेतला आणि इन्क्युबेटरने जागेबद्दल पुन्हा घेतला, असं दोनदा व्हायला लागलं तर दोन्ही कागद शेजारी ठेवून एकूण ९.५ च्या आत बसवा. सीड फंडाच्या पोर्टलवर एका अर्जात तीन इन्क्युबेटर पसंतीक्रमाने देता येत होते. तिन्ही बडोद्याचेच हवेत असं नाही.

संस्थापकांचे आपसातले शेअर चार वर्षांत पिकतील (म्हणजे हळूहळू त्यांच्या मालकीचे होतील), पहिल्या वर्षाच्या आत गेला तर शून्य, असा करार पहिल्या दिवशी. एम.ई.वाल्याला ३३ टक्के देऊन तो आठव्या महिन्यात जर्मनीला गेला तर ते शेअर्स त्याच्याबरोबर जातात.

पोर_रमणगामडी

ग्राहकाचं राहिलंच. तुमचा ग्राहक रेसकोर्सवर बसतो, वीज वाहून नेणारी जेटको आणि वाटणारी एमजीव्हीसीएल या सरकारी कंपन्या, दोघांची मुख्य कार्यालयं तिथेच. डीपीआयआयटी मान्यता असली की सरकारी निविदेत अनामत, आधीचा अनुभव आणि उलाढाल यांत सवलत मागता येते. चाचणी-अहवालात आणि गुणवत्तेत सवलत नाही, ते नीट समजून घ्या. एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं मंडळ) मान्य प्रयोगशाळेचा टाइप टेस्ट (त्या मॉडेलच्या नमुन्याची पूर्ण चाचणी) अहवाल मागितला की तो लागतोच, आणि त्यावरचा मॉडेल क्रमांक, पीसीबीची आवृत्ती पुरवलेल्या मालाशी जुळली पाहिजे. अहवालानंतर कोणी 'जरा बरा कॅपॅसिटर' बदलला तर कागदोपत्री तो वेगळा माल. आवृत्ती गोठवा, मगच टेस्टला द्या.

चाचणीपुरता एक ट्रान्सफॉर्मर मागताना पत्रात एवढं लिहा: ट्रान्सफॉर्मर बंद ठेवावा लागणार नाही, प्रोब कुठल्या मापाच्या व्हॉल्व्हवर बसणार, तेल गळालं तर जबाबदारी कोणाची, दर १५ दिवसांनी कार्ल फिशर कोण करणार, आणि चाचणी संपल्यावर प्रोब कोण काढून नेणार. शेवटचं वाक्य नसलेली पत्रं टेबलावरून हलत नाहीत.

दांडियाबाजार

प्रबंध महिनाभर पुढे ढकलायला गाईड तयार झालेत. प्रोव्हिजनलसाठी तिसरं, चौथं आणि पाचवं प्रकरण काढून ठेवतोय. रावपुरा, एक विचारायचं राहिलं: ज्या तेलावर प्रयोग केले त्याचे आम्लतेचे आकडे परिशिष्टात आहेत, तेही जोडायचे का?

रावपुरा_टॉवर

परिशिष्ट आधी जोडा. दावा टिकला तर त्या आकड्यांवरच टिकणार.